नळाचा आवाज

बाईंनी पाठीमागची उशी भिरकावली आणि दवाखान्यातल्या पलंगावर ताठ बसल्या.

"पुन्हा सांगा. जन्मभराचा?"

डॉक्टरीणबाई गोंधळल्या. "हो, मोठ्या आतड्याचा आजार. दोन वर्षांपूर्वीच तुमच्या मुलीला समजावलं होतं. औषधानं दबतो, जात नाही. बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नसतात."

मुलगी खिडकीच्या पडद्याची शिवण चाचपत होती. साधा जंतुसंसर्ग आहे, असं हिनंच तेव्हा सांगितलं होतं. बरं वाटलं तशा बाईंनी गोळ्या बंद केल्या. आणि काल, ज्या शिवणाच्या दुकानात त्यांना विचारल्याशिवाय कात्री हलत नव्हती, तिथूनच त्यांना रक्ताळल्या लुगड्यानिशी उचलून आणावं लागलं. सगळ्या कारागिणींच्या देखत.

"होतं काय नेमकं?"

"आतड्याचं अस्तर सुजतं, जखमा होतात. रोगाशी लढणारी शरीराची ताकद आपल्याच अंगावर उलटते."

"म्हणजे राखणीला ठेवलं त्यानंच घात केला म्हणा की." बोलणं डॉक्टरीणबाईंशी होतं, नजर मुलीवरून हलली नाही.

"हा आजार कधीकधी रक्ताच्या नात्यात चालतो. घरात आणखी कुणाला त्रास?"

"नाही," मुलगी चटकन म्हणाली.

डॉक्टरीणबाई गेल्या.

"आई, तू हाय खाल्ली असतीस गं."

"मी काय दुधखुळी? उसवलेलं कापड दाखवायचं असतं, वरून इस्त्री फिरवायची नसते. एवढं शिकवलं, ते माझ्यावरच उलटवलंस?"

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"ऐकू देत. त्यांनाही ठाऊक असेल. मलाच तेवढं नव्हतं."

मुलीनं पोटाशी हात नेला. घाईघाईनं खोलीतल्या संडासात गेली. कडी लागली आणि लगेच नळ सुटला, पूर्ण धारेनं.

बाईंच्या ओठावरची शिवी तिथंच राहिली. दुकानाच्या संडासात त्याही असाच नळ सोडायच्या, आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. सकाळपासून हा नळ त्या ऐकत होत्या. पोरगी तोंड लपवून रडतेय, एवढंच त्यांना वाटलं होतं.

मुलगी हात पुसत बाहेर आली. राग गेला नव्हता, तरी बाईंनी सरकून जागा केली.

"बैस. तुलाही रक्त पडतं?"

मुलगी उभीच राहिली.

बाईंनी उशाशी लोंबणारी घंटी दाबली, आणि कुणी येईपर्यंत बोट काढलं नाही.