पुसायचा राहिलेला डाग

मी आता जुनी झाले आहे, मित्रांनो. माझ्या पोटावर एकेकाळी निळ्या मोटारीचं चित्र होतं. त्यातली दोन चाकं आणि अर्धी काच तेवढी उरली आहे. मी एक फवाऱ्याची बाटली. माझ्यातलं पांढरट औषध गाडीवर मारून मऊ फडका फिरवला की मळ निघतो, बारीक ओरखडे लपतात आणि वर असं गुळगुळीत कवच बसतं, की पाण्याचा थेंबही तिथे ठरत नाही. रंग असो, काच असो, रबर असो, मला काहीच वर्ज्य नाही. तरुणपणी मला या गोष्टीची फार ऐट होती.

माझा जन्म कोइमतूरबाहेरच्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथून एका दुकानाच्या फळीवर आले. शेजारी साबणाच्या वड्या आणि घासण्या होत्या. त्या एकेक कामाच्या, मी सगळ्या कामांची, म्हणून मी त्यांच्याशी फारशी बोलत नसे. एके दिवशी कयल्विळी नावाच्या मुलीनं मला उचललं. माझ्यावरचं बारीक अक्षर तिनं उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं. तेवढं वाचणारं गिऱ्हाईक मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

कयलच्या वडिलांचं, चेल्लादुरैंचं, सिंगनल्लूरला गाड्या दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. पुढची शेड रिकामी होती. तिथे गाड्या धुऊन चमकवून देण्याचा धंदा काढायचं कयलच्या मनात होतं. अप्पांच्या मनात ती शेड बेकरीवाल्याला भाड्यानं द्यायचं होतं. ते स्वतः कपड्यांच्या साबणानं गाडी धुवायचे आणि चमक यावी म्हणून वरून रॉकेलचा बोळा फिरवायचे. मला हातात घेऊन ते हसले.

"धुणं, घासणं आणि वर कवच, सगळं या एकाच बाटलीत? म्हणजे एकाच बाईनं स्वयंपाक करायचा, पोरं सांभाळायची आणि शेजाऱ्यांशी भांडायचं."

"मग मी आयुष्यभर दुसरं काय केलं?" त्यांची थोरली बहीण पोन्नुत्तायी आतून म्हणाली. कयलची ती अत्तै, म्हणजे आत्या. शेंगदाणे सोलता सोलता तिचं सगळीकडे लक्ष असे.

शेवटी अप्पांनी अट घातली. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, आपली अँबॅसडर लखलखली पाहिजे. लखलखली तर शेड तुझी. नाहीतर बेकरीवाल्याला शब्द देतो आणि तू तिरुप्पूरला मामाच्या बनियनच्या कारखान्यात हिशेब लिहायला जा. आहे कबूल?"

"कबूल," कयल म्हणाली आणि मला घट्ट धरून गाडीकडे गेली.

ती अँबॅसडर दुधावरच्या साईच्या रंगाची होती, पण रॉकेलनं तिचा रंग पार मेला होता. कयलनं एकेक भाग धुतला, माझा फवारा मारला, फडका फिरवला. रंग झाला, काचा झाल्या, दिवे झाले, टायरसुद्धा झाले. मी अगदी खुशीत होते. फक्त बॉनेटच्या पुढच्या टोकाला एक तांबूस डाग होता. कयलची अम्मा दर आयुधपूजेला तिथेच गंध आणि कुंकू लावायची. वर्षानुवर्षं लावून तिथला रंग खाल्ला गेला होता आणि जागा खरखरीत झाली होती. अम्मा जाऊन काही वर्षं झाली होती, डाग मात्र होता.

मला वाटलं, आता माझी खरी परीक्षा. पण कयलनं त्या डागावर कागदी चिकटपट्टी लावली आणि तिच्या कडेकडेनं फडका फिरवला. मला रागच आला. दोन फवाऱ्यांत निघाला असता तो. अप्पांनी सगळी गाडी लखलखायला हवी म्हटलं होतं आणि ही पोरगी आपल्याच हातानं शेड घालवत होती.

पूजेच्या सकाळी कयलनं पट्टी काढली आणि बॉनेटवर झेंडूची जाड माळ सोडली. डाग माळेखाली गेला. अप्पा गाडीभोवती फिरले. गाडीच्या दारात त्यांना आपला चेहरा दिसला, तेव्हा त्यांनी हळूच केस सारखे केले. वर्कशॉपची पोरं चुरमुऱ्यांच्या पिशव्या घेऊन उभी होती, चाकांखाली लिंबं ठेवली होती. पाने, जॅक, हातोड्या, सगळ्यांना गंध लावून झालं होतं. मग अत्तै चंदनाची वाटी घेऊन गाडीपाशी आली.

तिनं बॉनेटवर भस्माचा ओला पट्टा ओढला. तो घसरून खाली आला. तिनं चंदनाचा टिळा लावला. तोही घरंगळत दिव्यापर्यंत गेला. काचेवर लावला, तिथेही तेच झालं. माझं कवच आपलं काम चोख करत होतं, मित्रांनो, आणि मला बाटलीतल्या बाटलीत लपावंसं वाटत होतं.

"अगं, गाडी धुतलीस की तुपात तळलीस?" अत्तै म्हणाली. "देवाचा टिळा उभाच राहीना."

कोणीतरी हसलं. अप्पा हसले नाहीत. टिळ्यावाचून गाडी रस्त्यावर काढणं त्यांच्या घरात कधी झालं नव्हतं. "म्हणून म्हणत होतो, ही बाटलीची थेरं नकोत," ते म्हणाले. "मी बेकरीवाल्याकडे जाऊन येतो." कयलच्या हातातला फडका खाली पडला.

अत्तैनं जागा शोधत माळ बाजूला सारली. तिचं बोट त्या खरखरीत डागावर थांबलं. तिनं चंदन लावलं, वर कुंकू लावलं. टिळा बसला तो हललाच नाही.

अप्पा परत फिरले आणि वाकून पाहू लागले. "हा तू काढला नाहीस?"

"तो अम्माचा आहे," कयल म्हणाली.

"मी सगळी गाडी म्हटलं होतं."

"हो. पण तो नाही काढायचा."

अप्पांनी डोळे पुसले आणि डोळ्यांत भस्म गेलं म्हणून सांगितलं. मग अत्तैकडे वळून म्हणाले, "अक्का, बेकरीवाल्याला निरोप धाड, दुसरी जागा बघ म्हणावं."

"धाडते. आणि तू गं," अत्तै कयलला म्हणाली, "एवढ्या मोठ्या गाडीत देवाला जागा ठेवलीस ती एवढीशी."

शेड कयलची झाली. दुरून दुरून गाड्या येऊ लागल्या. पूजेआधी आलेल्या प्रत्येक गाडीवर ती टिळ्यापुरती जागा झाकून ठेवते, आणि गिऱ्हाइकं तेवढ्यावरच खूश होतात. मला तिनं डब्यातून कितीदा तरी भरलं. पुढे पाण्याचा जोर देणारी यंत्रं आली आणि मी खिडकीत मागे पडले. उन्हानं माझं चित्र उडालं, फवाऱ्याची नळी तुंबली. त्या दिवसांत मला फार वाईट वाटे.

म्हणून एक विनवणी करते, मित्रांनो. वापरून झाल्यावर माझ्यासारखीचं झाकण लावा, तिला उन्हात टाकू नका, नळीतून थोडं साधं पाणी काढा. आणि काही पुसायला घेतलंत, तर आधी घरात विचारा की ते कोणाचं आहे.

गेल्या आयुधपूजेला हत्यारं मांडताना कयलनं मला खिडकीतून उतरवलं, पुसलं आणि पान्यांच्या ओळीत उभं केलं. अप्पांनी स्वतः चंदनाची वाटी घेतली. मी जन्मभर इतरांना कवच चढवलं, मला स्वतःला कोणी चढवलं नव्हतं. त्यामुळे त्यांनी लावलेला टिळा माझ्या पोटावर अजून आहे.