गुंजनच्या डब्यातला खाऊ

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या प्रताप नगरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे लेकीला, गुंजनला, शाळेतून काढून मी घरीच शिकवायला घेतलं तेव्हा माझ्या तोंडावर कोणी काही बोललं नाही. बोलायचं ते सासूबाईंजवळ बोलले, सुरुचीचं डोकं फिरलं म्हणून. फिरलंच होतं. आठ वर्षांची पोर घराबाहेर कुणाशी एक अक्षर बोलत नाही, शाळेच्या बाई फोन करून विचारतात की घरात भांडणं होतात का, डॉक्टर म्हणतात कान-घसा ठणठणीत. डोकं फिरणार नाही तर काय होईल? तिला विचारलं तर मूग गिळून बसायची. जेवायची मात्र नीट. डबा रोज चाटूनपुसून रिकामा यायचा, वर घरी आल्या आल्या दप्तर फेकून पुन्हा ताटावर बसायची. तेवढाच मला आधार होता.

माझा नवरा गौरांग मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे. हे घरी शिकवणं त्याला पटलेलं नव्हतं. भांडून भांडून शेवटी दिवाळीपर्यंतची मुदत ठरली. तोवर पोरगी चार माणसांत बोलली तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर पुन्हा त्याच शाळेत. तिची तिथली जागा त्याने सोडलीच नव्हती. त्याचंही चुकत नव्हतं म्हणा. घाबरलो दोघंही होतो, पण तो घाबरला की गप्प होतो आणि मी ओरडते.

मुलांना घरी शिकवणारी मोजकी घरं नागपुरात आहेत. महिन्यातून एकदा कुणाकडे तरी सगळे जमतात. पोरं खेळतात, मोठे चहा पितात, आणि एक नियम सगळे पाळतात, की कुठल्याच लेकराला 'बोल' म्हणायचं नाही. हे मला माझ्या मैत्रिणीने, उत्तराने सांगितलं होतं. तिचा मुलगा अर्णव शाळेत कधी गेलेलाच नाही. कोजागिरीच्या आधीच्या रविवारी मी सगळ्यांना आमच्याकडे बोलावलं. घरात भुलाबाई बसलेली होती, आमच्या विदर्भातला भोंडलाच म्हणा; म्हटलं गाणी होतील, खाऊ होईल.

खरं सांगते, माझ्या मनात डाव होता. भुलाबाईच्या गाण्यांनंतर खाऊ ओळखायचा असतो. घरची मुलगी झाकलेला डबा वाजवते, बाकीची पोरं आवाजावरून ओळखतात. चुकलं की ती 'नाही' म्हणते, आणि सगळे हरले की खाऊचं नाव तिलाच सांगावं लागतं. म्हणजे 'बोल' न म्हणताही बोलणं आलंच. मी सकाळीच दाण्याचे लाडू वळले आणि डबा तूच भर, असं गुंजनला सांगितलं. ती मान हलवून स्वयंपाकघरात गेली.

संध्याकाळी घर भरलं. गौरांग दाराशी हाताची घडी घालून उभा होता, परीक्षकासारखा. सासूबाईंनी गाणी म्हटली, पोरांनी जमेल तसा टाळ्यांचा ताल धरला, आणि मग गुंजन डबा घेऊन आली. शाळेचाच डबा होता. मला वाटलं, हाताशी तोच लागला असेल.

तिने डबा हलवला. कोणी चिवडा म्हणालं, कोणी चकली, कोणी शंकरपाळे. तिने नुसती मान हलवली. अर्णवने डब्याला कान लावला आणि हा तर वाजतच नाही, अशी तक्रार केली. लाडू गच्च भरले असतील, अशी मी मनाची समजूत घातली. सासूबाईंना राहवलं नाही. "काहून वं, लेकरं इतकं विचारून राहिले, एकडाव सांग ना त्याईले," म्हणाल्या. उत्तराने माझा हात दाबून धरला, नाहीतर मीही काहीतरी बोलले असते. गौरांग खाली बघत होता. मला वाटलं, संपलं. गेली पोरगी परत त्या शाळेत.

"हरलो आम्ही," अर्णव म्हणाला. "काय आहे?"

गुंजनने झाकण काढलं आणि डबा सगळ्यांना दिसेल असा धरला. आत काही नव्हतं.

"काहीच नाही," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता, जरा घोगरा. एक पोरगी हसली. गुंजन तिच्याकडे बघून म्हणाली, "मधल्या सुट्टीत असाच असायचा. वर्गातल्या त्या मुली सगळ्या मिळून खाऊन टाकायच्या. कोणाशी बोललीस तर बघ, म्हणायच्या."

"मग तू काय खायचीस?" अर्णवने विचारलं.

"घरी येऊन जेवायची."

माझ्या अंगाची आग आग झाली. उठावं आणि शाळेच्या फाटकावर जाऊन त्यांच्या नावाने शिमगा करावा असं वाटलं, पण कुठल्या तोंडाने जाणार? तो रिकामा डबा रोज मीच घासत होते, आणि पोर जेवते म्हणून शेजारणींना कौतुकाने सांगत होते.

गौरांग स्वयंपाकघरात गेला. लाडू पातेल्यात तसेच्या तसे होते, तिने एकालाही हात लावला नव्हता. पातेलं घेऊन तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. "त्या शाळेत तू आता जायचं नाही," सगळ्यांसमोर म्हणाला. मग त्याने एक लाडू तिच्या हातावर ठेवला. "आधी तू."

तिने पोरांकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, आणि सावकाश खायला लागली. तिचं खाऊन होईपर्यंत एकाही पोराने पातेल्यात हात घातला नाही. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. नंतर तिने स्वतःच सगळ्यांना एकेक लाडू वाटला. राहिलेले डब्यात भरले, झाकण घट्ट लावलं, आणि पाहुणे जाईपर्यंत डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली. कोणी मागितला नाही.