जुनीचा थेंब

सकाळी गुत्त्याचं दार उघडलं की आधी वास बाहेर यायचा. आंबलेल्या दारूचा, कुजक्या लाकडाचा, रात्रभरच्या थुंकीचा आणि नदीच्या गाळाचा मिळून एकच वास. सून पोरीला पाठीशी बांधून मेजं पुसायला घ्यायची. फडकं पिळलं की काळं, चिकट पाणी निघायचं आणि बोटं एकमेकांना धरून बसायची.

लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्याच सकाळी तिनं ते पाहिलं होतं. सासरे बादली घेऊन मेजामेजावरून हिंडत होते. रात्रीच्या पेल्यांत बोटबोटभर उरलेलं. कशात माशी, कशात मिशीचा केस, कशात नुसतीच लाळ. सगळं बादलीत. मग बादली एका मळक्या, भोकं पडलेल्या धडप्यातून गाळून कोपऱ्यातल्या काळ्या पिंपात. ती मागच्या दारी जाऊन भडाभडा ओकली. सासरे आतूनच म्हणाले, "होते सवय."

त्या पिंपावरच तर गुत्त्याचं नाव चालत होतं. नदीला पूल नव्हता तेव्हा सासऱ्यांच्या आजोबांनी उतारापाशी झोपडं टाकलं. पाणी चढलं की गाडीवाले आणि गुरांचे व्यापारी अडकून पडत, ते उतरेपर्यंत पीत बसत. एका पुरात झोपडं गेलं. आजोबा पिंपाला मिठी मारून वाहत गेले आणि खालच्या वळणावर पिंपासकट काठाला लागले. पुढं पूल झाला, गाड्या वरून जायला लागल्या, तरी माणसं वाट वाकडी करून या पिंपातली 'जुनी' प्यायला खाली उतरत. "आजोबांपासून हे पिंप कधी रिकामं झालं नाही," असं सासरे छाती काढून सांगत. का झालं नाही, हे कुणी विचारत नसे.

सूनही गप्प राहिली. पिणारे काही तिची लेकरं नव्हती. पण आता पोरीच्या हिरडीतून तांदळाच्या कणीएवढा दात डोकावला होता, आणि पहिला दात आला की गिऱ्हाइकांसमोर मुलाच्या जिभेला जुनीचा थेंब लावायचा, ही त्या घराची रीत होती.

"मी लावू देणार नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

"एका थेंबानं काय होतंय? मलाही लावला होता. मी मेलो का?"

तिनं त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

दुपारी गुत्ता भरला. बोळका नावाडी सगळ्यांत पुढं बसला होता. सासऱ्यांनी तोटी सोडली, पेला भरला आणि बोट बुडवलं. नखात गेल्या आठवड्याचा मळ होता.

"आण गं सूनबाई, आमच्या मालकिणीला."

पोरीनं आ वासला. तिला सगळंच तोंडात घालायचं असायचं. सुनेनं तिला छातीशी घट्ट धरलं.

"मामंजी, आधी तुम्ही घ्या. घरातल्या मोठ्यानं घ्यावी, मग लहानाला द्यावी."

"दुकानदारानं आपला माल पिऊ नये."

"आज माल नाही. आज नातीचं कौतुक आहे."

"बरोबर बोलली!" नावाड्यानं मेजावर थाप मारली. "मालक, इतकी वर्षं येतोय, तुम्हाला जुनी घेताना कधी बघितलं नाही. घ्या की! का विष घातलंय?"

सगळे हसले. सासरे हसले नाहीत. त्यांनी पेल्यात बघितलं, गिऱ्हाइकांकडे बघितलं, डोळे मिटले आणि एका दमात पेला रिकामा केला. क्षणभर उभे राहिले. मग तोंडावर हात दाबून दार गाठलं आणि काठावरच्या चिखलात गुडघे टेकले.

आत सगळे आपापल्या पेल्याकडे बघत होते. तरणा कोळी म्हणाला, "यात आहे तरी काय?"

"उष्टं," सून म्हणाली. "रात्री तुम्ही टाकून जाता ते."

पिंपाची तोटी नीट बसली नव्हती, ती ठिबकत होती. मग नावाड्यानं आपला पेला तोंडाला लावला, तळापर्यंत चोखला आणि ओठ पुसले.

"मग आपलंच की," तो म्हणाला. "परक्याचं थोडंच आहे? भर आणखी."

हळूहळू बाकीचेही प्यायला लागले.

ती बाहेर आली तेव्हा सासरे नदीच्या पाण्यानं चुळा भरत होते. डोळ्यांत पाणी होतं.

"माझ्या बापानं माझ्या जिभेला लावली," ते म्हणाले. "त्या वासानं अजून पोट ढवळतं. तरी मी पोराला लावली. बाप समोर उभा होता ना."

तिनं त्यांचे हात स्वच्छ धुतलेत का ते बघितलं, पोर त्यांच्या मांडीवर दिली आणि पदर खोचून आत गेली.

पिंप दारातून ढकलत काठावर आणून तिनं आडवं केलं. आधी दारू गेली. मग जेलीसारखा काळा गाळ लोळागोळा होऊन पडला. त्यात बुचं, उंदराची शेपटी, आणि एक दातांची कवळी.

दारात जमलेल्यांतून नावाडी पुढं झाला. कवळी उचलली, धोतराला पुसली, तोंडात बसवली आणि जबडा हलवून बघितला.

"बसते अजून," तो खुशीत म्हणाला. मग रिकाम्या पिंपाकडे बघून त्याचा चेहरा पडला. "पण सूनबाई, आता ती चव काही यायची नाही."

"नाहीच यायची," सासरे चिखलातूनच म्हणाले. त्यांचं बोट पोरीच्या तोंडात होतं, आणि ती नव्या दातानं ते कडकडून चावत होती.