जळकोटात त्या दिवशी कुणीच नव्हतं

धाराशिवच्या कोर्टातले कागद खरे मानायचे, तर तीन वर्षांपूर्वीच्या त्या सोमवारी, सकाळी दहा वाजता, जळकोटच्या स्टँडवर चिटपाखरूही नव्हतं. हायवेवरच्या एसट्या ड्रायव्हरवाचूनच येत-जात होत्या, चहा आपला आपण उकळत होता, आणि भिमाबाईंचा अमृत भर चौकात कुणी न मारताच मेला होता.

कोर्टाबाहेर विचाराल तर हजारभर माणूस होतं. वाळू कुणाच्या ट्रकांतून जाते हे अमृतनं तहसीलला लिहून कळवलं, म्हणून वाळूवाल्यानं कोयता काढला, हे शाळेतलं पोरही सांगेल.

भिमाबाई तेवढ्या नव्हत्या. लेकीच्या बाळंतपणाला माकणीला गेलेल्या. लेकाचं मरण त्यांना कळलं ते कोंडीरामच्या तोंडून. कोंडीराम स्टँडवरचा हाटेलवाला. भज्यात बेसन कमी आणि बोलण्यात मसाला जास्त. भिमाबाई रोज सकाळी त्याच्या बाकड्यावर बसायच्या आणि तो रोज सांगायचा. पहिल्या वर्षी अमृत नुसता पडला. दुसऱ्या वर्षी त्यानं पडायच्या आधी तिघांना लोळवलं. तिसऱ्या वर्षी मिरच्यांचं पोतं फुटलं, अख्खा स्टँड शिंकायला लागला, आणि वाळूवाल्याला शिंकांपायी कोयता उचलवेना. भिमाबाईंनी कधी अडवलं नाही. गोष्ट लांबली की लेक तेवढाच जास्त जगायचा.

साक्षी सुरू झाल्या.

"मला तवा मोतीबिंदू हुता, साहेब," किराणावाले महालिंगप्पा म्हणाले.

"म्या दाढी करून घेत हुतो. डोळ्यावर साबन आलता," भिमाबाईंचा सख्खा पुतण्या बाबू म्हणाला. आणखी चौघं आले. कुणी शौचाला गेलं होतं, कुणी लग्नाला. सरकारी वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

सातवा कोंडीराम. "भजी तळत हुतो. पाठ हुती माजी."

जेवणाच्या सुट्टीत भिमाबाईंनी त्याला आवारात गाठलं. "तीन वर्सं मला सांगत हुतास की रं! तवा कुटं हुती पाठ?"

"अक्का, माजी भाग्यश्री रोज एष्टीनं कालिजला येती," तो खाली बघत म्हणाला. "परवा त्यो वाळूवाला हाटेलात आला. दोन प्लेट भजी खाल्ली. झ्याक झाल्यात म्हनला. मग इचारलं, पोरगी कितीच्या गाडीनं जाती? आता तुमीच सांगा, म्या काय करू?"

पोरगी भिमाबाईंच्या डोळ्यांसमोर वाढलेली. त्या पदर सावरून आत गेल्या.

सुट्टीनंतर त्यांची साक्ष. त्यांना एवढंच सांगायचं होतं, की प्रेत माझ्याच लेकाचं आणि तहसीलचा वाळूचा अर्ज त्यानंच केलेला. पण पिंजऱ्यात उभं राहिल्यावर समोर वाळूवाला दिसला. मोबाईलवर बोट फिरवत बसलेला.

"म्या बघितलं, साहेब," त्या म्हणाल्या. "म्या तितंच हुते."

आणि सांगितलं की हो त्यांनी! कोयता कुठून आला, पहिला वार कुठं बसला, सगळं. टाइप करणाऱ्याची बोटं थांबली. मागच्या बाकावर बाबूनं डोळे मिटून घेतले, कारण ते सगळं खरं होतं. मग भिमाबाईंच्या तोंडून मिरच्या सांडल्या.

आरोपीचा वकील सावकाश उठला. "आजी, अख्खा स्टँड शिंकत होता?"

"व्हय."

"पंचनाम्यात एकही मिरची नाही. आणि हा बघा तुमचा पोलिसांपुढचा जबाब. त्या दिवशी तुम्ही माकणीला होतात."

कुणीतरी फिस्सकन हसलं. भिमाबाईंनी कोंडीरामकडं पाहिलं. कोणता शब्द घडलेला आणि कोणता त्यानं घातलेला, हे त्या अख्ख्या इमारतीत त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तो आपल्या चपलेचा अंगठा बघत बसला.

"बाई, शपथेवर खोटं बोलणं गुन्हा आहे," जज्जसाहेब हळूच म्हणाले. "आईचं मन म्हणून या वेळी सोडतो."

आठ साक्षीदारांत खोटं पकडलं गेलं ते एकट्या भिमाबाईंचं.

महिन्यानं निकाल लागला. पुराव्याअभावी निर्दोष. ऐकायला निम्मं गाव आलं होतं, आणि परतीच्या एसटीत नुसता भडका उडालेला.

"न्याव म्हनून ऱ्हायलाच न्हाय!" बाबू सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता. "मोर्चा काडू तहसीलवर!"

"भर चौकात मानूस मारत्यात अन् मोकळं सुटत्यात," महालिंगप्पा म्हणाले. "सरकार झोपलंय काय?"

भिमाबाई गाडीत चढल्या तसे सातही जण एकदम उठून उभे राहिले. "बसा मावशी, हितं बसा." "अक्का, खिडकीला बसा." सात जागा रिकाम्या. भिमाबाईंना घ्यायची एकही नव्हती, पण गाडी हलली. कोंडीरामच्या जागेवर त्या बसल्या. तो दांडीला धरून शेजारी उभा राहिला.

गाडीनं धाराशिव सोडलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एकडाव खरं सांग. जेवडं हुतं तेवडंच."

कोंडीरामनं एकदा मागं बाबूकडं बघितलं. मग वाकून त्यांच्या कानाशी म्हणाला, "लोळवलं न्हाय कुनाला. पळत माज्याकडं आला. म्या तवर शटर वडलं हुतं, अक्का. काका उगडा, काका उगडा, म्हनत हुता."

"किती येळ?"

"लई येळ."

भिमाबाईंनी मान हलवली. मागं बाबू अजून सरकारला शिव्या देत होता.