दारावर चिकटवलेला पासवर्ड

मी अंबूबाई. पेठेत माझा मिरची कांडायचा डंक हाय. एप्रिल-मेला बायका मिरच्यांचं डबं रांगेत ठेवून घरी जात्यात आणि तासातासाला फोन करत्यात, "माझा नंबर आला का?" डोकं उठायचं नुसतं! म्हणून २००९ साली कॅमेरा बसवला. नेटवर घरबसल्या डब्यांची रांग दिसायची.

कॅमेरा बसवणारा अमीन म्हणाला, "मावशी, पासवर्ड कुणाला देऊ नका. ज्याच्याकडं पासवर्ड, त्याला कुठनं बी सगळं दिसतंय."

"आरं, मग बायकांस्नी नंबर कसा कळंल? आणि बघून काय बघतील, मिरच्या?" मी पत्ता आणि पासवर्ड मोठ्या अक्षरात लिहून दारावर चिकटवला. फोन बंद झालं. पेठेत काय मिरवलं मी!

डब्यांच्या मागं डंकावर निशा असायची. नवऱ्याचा मार खाऊन कागलातनं पळून आलेली. कुठं हाय हे तिनं आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. कॅमेऱ्यात ती बी दिसती, हे माझ्या टाळक्यात आलंच न्हाय. ती बी बोलली न्हाय. मालकिणीला काय सांगायचं, असं वाटलं असंल.

कागद लावल्याच्या आठव्या दिवशी चारला मी रोजच्यासारखी चहा प्यायला घरी गेलते. परत येते तर तिचा नवरा आत, निशाचं मनगट पिरगाळून उभा.

"आमच्या गल्लीतली बाई नेट कॅफेत तिचा डबा बघत हुती," तो तिला सांगत होता. "डब्याच्या मागं मला तू दिसलीस. तिच्याकडनं पासवर्ड घेऊन तीन दिस बघतोय. चारला एकटीच असतीस न्हवं?"

माझ्या अंगाची आग आग झाली. "सोड तिला, मुडद्या!" म्हणत मी मूठभर कांडलेली मिरची त्याच्या तोंडावर फेकली. माणसं धावली. त्यो ठसकत, शिव्या देत पळाला. "परत येतोच," म्हणून गेला.

मी दारावरचा कागद टराटरा फाडला, कॅमेऱ्याची वायर उपटली. लाज वाटली मला, लई लाज वाटली. निशा पिशवी भरत होती.

"चल, पोलिसात जाऊ. न्हायतर पन्हाळ्याला माझी भाची हाय, तिच्याकडं ऱ्हा."

"नको, मावशी."

"मग कुठं जातीस? मला तरी सांग. कुणाला बोलायची न्हाय मी."

तिनं पायात चपला घातल्या. आवाज चढवला न्हाय, रडली बी न्हाय.

"तुम्हाला तर न्हायच सांगत," म्हणाली आणि गेली.