पाचवी फाईल

चेतन शूटिंगवाल्यावर माझा अजूनही राग आहे. माणसाने प्रामाणिक असावं, पण त्यालाही काही मर्यादा असते.

१९९९ च्या एप्रिलमध्ये सोनईला आमच्या घरी माझा साखरपुडा झाला. चेतनने तेव्हा नवा कॉम्प्युटर घेतला होता, त्यामुळे कॅसेटबरोबर त्याने एक सीडीही केली आणि ती परस्पर नगरला, सावेडीत, मुलाकडच्यांना पोचवली. पंधरा दिवसांनी शेजारच्यांच्या फोनवर तुषारचा, म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्याचा, फोन आला. सीडीत पाच फाईली आहेत, चार छान चालतात, पाचवी मात्र कशातच उघडत नाही, असं तो सांगत होता. मी चेतनला गाठून विचारलं. तो म्हणाला, जेवायला गेलो तेव्हा कॅमेरा आतल्या खोलीत खुर्चीवर ठेवला आणि बंद करायचा राहिला. त्यात जे आलं ते आलं. तुमच्या कॅसेटमधलं मी कशाला कापू?

त्या वेळी त्या खोलीत मी होते, आणि मला फिट आली होती.

फिट मला सातवीपासून येते. मुलाकडच्यांना आम्ही ते सांगितलं नव्हतं. आधीचं एक स्थळ याच कारणाने मोडलं होतं आणि नंतर दोन वर्षं आमच्या दाराकडे कुणी फिरकलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं माझी आई झुंबरबाई म्हणायची. मीही गप्प बसले. लग्न मोडायची भीती मला आईपेक्षा जास्त होती, कारण तुषार मला आवडला होता.

फाईल उघडत नाही, एवढाच काय तो आधार. तोही आठवड्याने गेला. तुषारच्या मित्राला कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर एक सीडी फुकट मिळाली होती आणि तिच्यात व्हिडिओ चालवायचं एक सॉफ्टवेअर होतं. कुठल्याही जातीची फाईल उघडतं म्हणे, आणि पैसे शून्य. रविवारी बस्त्याला याल तेव्हा घरी जेवायला थांबा, सगळे मिळून बघू, असं तुषार म्हणाला. त्याचा तो उत्साह मला ऐकवत नव्हता. जगात कुणी काही फुकट देत नाही आणि नेमकं हेच बरं दिलं.

ते सहा दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. काळजीने फिट येते, आणि मला फिटचीच काळजी. रोज संध्याकाळी हात थरथरले की वाटायचं, आता आली. आईने एकच उपाय काढला. "फाईल खराब हाय म्हनायचं. तू त्वांड उघडायचं न्हाई."

रविवारी साड्या घेऊन झाल्यावर बाकीचे पाहुणे दुकानातूनच परत गेले. आई आणि मी तुषारच्या घरी गेलो. त्याची आई, भागिरथीबाई, आम्हाला आग्रह करकरून वाढत होत्या. मी ताटातला भात नुसता इकडून तिकडे करत होते.

जेवण झाल्यावर तुषारने कॉम्प्युटरवरचं झाकण काढलं आणि मासिकाची सीडी आत सरकवली. पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू भरत गेली. ती मध्येच अडकावी म्हणून मी नवस बोलत होते. ती अडकली नाही. तुषारने आधी मित्राचा एक व्हिडिओ लावून पाहिला, आजवर कधी न उघडलेला. तो झटक्यात सुरू झाला.

आई म्हणाली, फाईल खराब आहे असं चेतनच सांगत होता. तुषार हसून म्हणाला, मावशी, याच्यात सगळं चालतं. आईने पदराखालून माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. तुषारने साखरपुड्याची सीडी घातली, पाच नावं दिसली आणि बाण पाचव्या नावावर गेला. कसा कोण जाणे, आवाज फुटला.

"थांबा. मला फिट येते. त्यात तेच आहे."

आईने हात सोडून दिला. तुषारचा बाण तिथेच थांबला. दारात भागिरथीबाई उभ्या होत्या.

"उघड ती," त्या म्हणाल्या.

आमची आतली खोली दिसली. मी भिंतीला धरत खाली बसले, मग आडवी झाले. माझे हातपाय कसे होतात ते मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. मला डोळे मिटून घ्यायचे होते आणि ते मिटत नव्हते. तेवढ्यात खोलीत एक बाई आली. ती आई नव्हती. भागिरथीबाई होत्या. त्यांनी मला कुशीवर वळवलं, आपली शाल डोक्याखाली दिली आणि झटके थांबेपर्यंत शेजारी बसून राहिल्या. मग कुणाची तरी चाहूल लागली तशा शाल काढून मागच्या दाराने निघून गेल्या. त्यानंतर आई आली, किंचाळली, पळत जाऊन हुंगवायला फोडलेला कांदा घेऊन आली.

आई कॉम्प्युटरसमोरच मटकन खाली बसली.

"मला बघितलं असतं तर तुम्ही तिथंच कोसळला असता," भागिरथीबाई आईला म्हणाल्या. "मला वाटलं, दोन दिवसांत स्वतः येऊन सांगतील. महिना झाला. आज जेवणं झाल्यावर लग्न मोडते म्हणून सांगणार होते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गोळी चालू असेल ना? आजची घेतलीस?"

मी नाही म्हणाले. सकाळपासून माणसांतच होते. साखरपुड्याच्या दिवशीही असंच झालं होतं; पाहुण्यांसमोर गोळ्यांची पट्टी काढायची लाज वाटली म्हणून गोळी चुकवली होती. आजची रुमालाच्या टोकाला बांधलेली होती.

तुषार उठला आणि आत गेला. संपलं, असं मला वाटलं. मी रुमाल मुठीत आवळून बसले, रडूही येईना.

तो पाण्याचा पेला घेऊन आला आणि माझ्यासमोर धरून उभा राहिला. मी गाठ सोडली. ती सुटायला वेळ लागला. परक्या घरात, माणसांसमोर, मी पहिल्यांदाच ती गोळी घेतली.