पहिला जाळ

बेलव्ह्यूत घर घेताना आपली माणसं फायरप्लेस बघून हरखतात आणि पुढे आयुष्यात तिच्यात काडी पेटवत नाहीत. कुणी तिथे स्पीकर ठेवतं, कुणी चपलांचं कपाट. आमच्या शेजारच्या सुवर्णावहिनींनी देव बसवले होते. धुराड्यातून वारा यायचा, निरांजन विझायचं. म्हणून वर काहीतरी कोंबूनही टाकलं होतं. त्यांची मुलगी नैना लहानपणी दर ख्रिसमसला भुणभुण करायची, "एव्हरीबडी हॅज अ फायर, आई. वुई हॅव गणपती!"

"मग भाग्य समज," वहिनी म्हणायच्या.

वहिनी जाऊन दोन वर्षं झाली. नैना बॉस्टनला नर्स. आईचं कार्य आटोपून गेली ती गेलीच. यंदा तिच्या वडिलांनी, यतीनरावांनी, त्या फायरप्लेसमध्ये लाकडाचा स्टोव्ह बसवायला काढला. "वादळात वीज जाते हो," असं आम्हाला सांगितलं. आम्ही माना डोलावल्या. वीज काय, ते इथे आल्यापासून जातेच आहे.

देव फळीवर गेले. कारागिराने तोंड रुंद केलं, समोर दगडी लादी बसवली. मग धुराड्यात स्टीलची नळी उतरवण्याआधी वर हात घातला, तर धुळीने माखलेलं बोचकं खाली आलं. वहिनींची जुनी इरकल.

"लॉन्ड्रीवाल्याने हरवली म्हणून सांगितलं होतं हिने! भांडून आलो होतो मी त्याच्याशी," यतीनराव हसत म्हणाले. मग हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

नोव्हेंबरात वादळ आलं, झाडं पडली, वीज गेली. माझी बायको रेणू म्हणाली, "चला, स्टोव्हवाल्यांकडे." डाळ-तांदूळ धुऊन पातेल्यात घेतले आणि निघालो. खिचडी आमची, जाळ त्यांचा. सौदा आमच्याच फायद्याचा होता.

आत शिरलो तर घर बाहेरच्याइतकंच गार. यतीनराव दोन जॅकेटं आणि कानटोपी घालून नव्याकोऱ्या स्टोव्हसमोर बसलेले. बाजूला लाकडं रचलेली, जाळ नाही.

"अहो, हा काय शोपीस आहे?" रेणू म्हणाली.

"नव्या चुलीवर पहिल्यांदा दूध उतू घालायचं असतं. ते नैनाच्या हातून."

"येतेय ती?"

"सांगितलंय तिला."

"ती काय म्हणाली, ते विचारतेय मी."

यतीनराव कानटोपी सारखी करत राहिले. रेणूने मुकाट्याने पातेल्यावर झाकण ठेवलं.

तेवढ्यात फोन वाजला. नैनाच, व्हिडिओवर.

"बाबा, आय सॉ द न्यूज. इज द स्टोव्ह ऑन?"

"तू आलीस की पेटवू."

"बाबा! यू विल फ्रीझ! आय कान्ट कम टिल मार्च."

"मार्चमध्येही थंडी असते इथे."

यतीनराव उठले, फळीवरचं निरांजन लावून स्टोव्हच्या आत ठेवलं आणि काचेचं दार लावलं. बाहेर वारा घोंघावत होता. ज्योत हलली नाही.

"बघ," फोन काचेसमोर धरून ते म्हणाले, "आता विझत नाही."

रेणूने वाकून फोनमध्ये पाहिलं. नैना नाक पुसत होती.

"दूध आत्ताच नको आणून ठेवूस, बाबा," ती चक्क मराठीत म्हणाली. "मार्चपर्यंत नासेल."